व्यसनमुक्तीचा उपचार: खान्देशात कुठे जायचं, काय विचारायचं आणि पैसे कसे उभे करायचे

घरातल्या माणसाची दारू सोडवायची ठरलं की खान्देशातली बरीच घरं दोनपैकी एक करतात. एक तर त्याला माळ घालायला नेतात. नाहीतर मोबाइलवर जाहिरात दिसलेल्या पहिल्या केंद्राला फोन लावतात आणि कापसाचे किंवा केळीचे हातात आलेले पैसे तिथे भरून मोकळे होतात. माळेने अनेकांची दारू सुटलेली टिकते, हे खरं आहे. पण दारू बंद केल्यानंतरचे पहिले पाच दिवस माळेच्या भरवशावर काढायचे नसतात. केंद्राचं म्हणाल, तर पहिल्याच महिन्यात सगळी पुंजी संपते आणि माणूस घरी परतल्यावर गोळ्यांना, फेरतपासणीला, गाडीभाड्याला काही उरत नाही. पुन्हा पिण्याचा धोका नेमका त्याच काळात मोठा असतो. म्हणून या लेखातला हिशोब उलटा आहे: शरीरातली दारू उतरवण्याचं काम शक्यतो सरकारी दवाखान्यात करून घ्या आणि पैसा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.

घरी सोडायची की दवाखान्यात?

हे सगळ्यात आधी ठरवायचं, कारण इथे चुकलं तर जीव जातो.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. त्यानंतर, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, काही जण बरळायला लागतात. भिंतीवर किडे चालताना दिसतात, दारात कोणी उभं आहे असं वाटतं, दिवस की रात्र ते कळत नाही, अंग तापतं. डॉक्टर याला थोडक्यात 'डीटी' म्हणतात. गावात मात्र 'बाहेरचं लागलं' म्हणून उतारा टाकण्यात रात्र जाते. डीटी ही तातडीने भरती करण्याची अवस्था आहे. सरळ १०८ ला फोन करा.

घरच्या घरी एक साधी तपासणी करता येते. सकाळी, त्याने काही घेण्याआधी, दोन्ही हात समोर सरळ करून बोटं फाकवायला सांगा. बोटं स्पष्ट थरथरत असतील आणि एक पेग पोटात गेल्यावरच ती थांबत असतील, तर हा माणूस घरी दारू सोडण्यातला नाही. आधी कधी फिट आलेली असेल, डोळे पिवळे असतील, रक्ताची उलटी झाली असेल, वय ६० च्या पुढे असेल किंवा दारूसोबत झोपेच्या गोळ्याही चालू असतील, तरी तसंच. अशाला खोलीत कोंडून 'दोन दिवस तडफडू दे, आपोआप सुटेल' म्हणणं जीवघेणं आहे. दवाखाना लांब असेल तर पोहोचेपर्यंत एकदम तोडू नका. डॉक्टरशी बोलून दिवस ठरवा आणि तोपर्यंत जेवण-पाणी सांभाळा.

आणखी एक बारकी पण मोठी गोष्ट. गळाठलेल्या दारुड्याला गावात पहिल्यांदा सलाइन लावतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, जवळपास संपलेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते: तोल जातो, डोळे स्थिर राहत नाहीत, स्मरणशक्ती जाते, आणि त्यातलं काही कायमचं राहतं. 'डॉक्टर, हे रोज पितात, बी-१ चं इंजेक्शन दिलं का?' एवढं विचारायला लाजू नका. त्यासाठी 'ते रोज पितात' हे आधी सांगावं लागतं, आणि पाहुण्यांसमोर नेमकं तेच लपवलं जातं.

दारूखेरीज बाकी नशांचं गणित वेगळं आहे. धुळे-मालेगाव पट्ट्यात 'कुत्ता गोळी' म्हणतात ती बहुधा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी असते. ती एकदम बंद केली तर दारूसारखीच फिट येते, म्हणून डॉक्टर तिचा डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात. गर्द (ब्राउन शुगर), ट्रामाडोलसारखी दुखण्यावरची गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सोडताना अंगदुखी, जुलाब, नाक वाहणं असे भयंकर हाल होतात, पण त्याने सहसा मरण येत नाही. तिथे धोका उलट्या बाजूला आहे. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, आणि अशात जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. गांजा सोडताना चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक मरते. मात्र कानात आवाज येत असतील किंवा सगळे माझ्या वाईटावर आहेत असा संशय बळावला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ लगेच गाठा. आणि हातभट्टीची प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धुरकट दिसायला लागलं, तर ते दारू चढल्याचं लक्षण समजू नका. ती मिथेनॉलची विषबाधा असू शकते. एक तासही घालवू नका.

पहिलं दार सरकारी

खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे: धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुनं, जळगावचं २०१८ चं आणि नंदुरबारचं २०२० चं. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना 'मानसोपचार विभाग' सांगायचं. 'व्यसनमुक्ती' अशी वेगळी पाटी शोधत फिरू नका. नसली तरी काम त्याच खिडकीत होतं. तालुक्याच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ रोज नसतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं ते तिथे आधी विचारून घ्या. नाहीतर चोपड्याहून किंवा शिरपूरहून एक दिवसाची मजुरी बुडवून नुसतं परत यावं लागतं.

निघण्यापूर्वी दोन फोन करा. १४४४६ ही केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. 'आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यात अनुदानित केंद्र कोणतं?' असा थेट प्रश्न तिथे विचारायचा. १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस फोनसेवा दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, आणि माणूस यायला तयार नसेल तर घरचेही बोलू शकतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दर आठवड्याला नंदुरबार गाठणं जमत नाही. तिथल्या लोकांना फेरतपासणीच्या मधल्या काळात याच फोनचा सर्वांत जास्त उपयोग होतो. तिसरी चौकशी सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांच्या जिल्हा कार्यालयात करा. अनुदानित संस्थांची माहिती तिथे मिळायला हवी.

सोबत काय न्यायचं? आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, रिकामी झालेली असली तरी. एका कागदावर लिहून ठेवा: काय घेतो, रोज किती, किती वर्षांपासून, शेवटचं कधी घेतलं, आधी सोडली तेव्हा काय झालं. 'थोडी घेतो' या शब्दांवर डोस ठरत नाही. 'रोज देशीच्या दोन क्वार्टर, सकाळी सातपासून' यावर ठरतो. डॉक्टर रक्त, साखर, लिव्हर, किडनी आणि गरज पडल्यास सोनोग्राफी सांगतील. सुईने नशा करणाऱ्याची एचआयव्ही आणि कावीळ-बी, सी ची तपासणी व्हायलाच हवी. एचआयव्हीची तपासणी सरकारी समुपदेशन केंद्रात मोफत होते.

दारू उतरवायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. तेवढ्यात थरथर थांबते, भूक लागते, चेहरा उजळतो आणि घरच्यांना वाटतं, झालं काम. इथून पुढचा भाग म्हणजे समुपदेशन, लालसा कमी करणारी औषधं आणि सवयी बदलणं. त्यासाठी निवासी केंद्रात राहायचं की घरून ये-जा करायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. काम टिकून आहे, घरी लक्ष ठेवणारं माणूस आहे आणि आजार फार जुना नाही, अशांना बाहेरून उपचार घेऊनही बरं वाटतं. वारंवार सुटून पुन्हा लागलेली, घरात दुसराही पिणारा, दाराशीच गुत्ता, अशी परिस्थिती असेल तर निवासी केंद्राचा विचार करावा.

केंद्र बघायला जाताना

रुग्णाला न घेता आधी घरच्या एकाने जाऊन यावं. जो फोनवरच 'पत्ता सांगा, रात्री गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून आणू' म्हणतो, त्याच्याशी बोलणं तिथेच संपवा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजार येतात. असे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे केलेली नोंदणी ही वेगळी गोष्ट. ट्रस्टचा क्रमांक दाखवून पुष्कळ जण वेळ मारून नेतात. प्रमाणपत्र बघा, त्यावरची मुदत बघा. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन दर्शनी भागात लावलेला आहे का तेही बघा, कारण तक्रार तिथेच करायची असते.

मग डॉक्टरविषयी विचारा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कोण बघतं, कोणत्या रुग्णालयात हलवतात? 'आमच्याकडे डॉक्टरची गरजच पडत नाही, आम्ही स्वतः यातून गेलोय' असं उत्तर आलं तर परत फिरा. दारूतून बाहेर पडलेला माणूस समुपदेशक म्हणून फार मोलाचा असतो. पण फिट आलेल्याला औषध देणं हे त्याचं काम नव्हे.

राहायची जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'आत नेता येत नाही' म्हणाले तर का, ते विचारा. संडासाला आतून कडी आहे का, खिडक्या उघडतात का, एका खोलीत किती जण आहेत, दुपारी माणसं काय करत बसली आहेत? साखळीने बांधून ठेवायला कायद्याने पूर्ण बंदी आहे. घरच्यांना भेटू द्यायला, फोनवर बोलू द्यायला महिनाभर नकार देणारं केंद्र काहीतरी लपवतंय असंच धरून चाला. बाईला भरती करायचं असेल तर वेगळा वॉर्ड आणि रात्रपाळीला बाईच कर्मचारी आहे का, हे आधी ठरवून घ्या. अशा जागा खान्देशात कमी आहेत, तेव्हा नाशिक-पुण्याकडे चौकशी करावी लागेल. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. दुसरीकडे भरती करायचं असलं तरी चांगल्या केंद्राचा दिनक्रम कसा असतो ते तिथे विचारून घ्या, म्हणजे तुलना करता येते. व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगणाऱ्या पोराला मोठ्या माणसांच्या वॉर्डात ठेवू नका. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पैशाचं बोलणं तोंडी नको. महिन्याच्या आकड्यात औषधं, रक्ततपासणी, डॉक्टरची फी, कपडे धुणं, बाहेरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च यातलं काय आहे आणि काय नाही, ते कागदावर घ्या. 'अनामत' परत मिळते का? दहाव्या दिवशी नेलं तर किती पैसे परत? बहुतेक भांडणं याच प्रश्नावरून होतात. तीन-चार महिन्यांचे पैसे एकदम भरल्यावर सूट देतो म्हणाले तरी एक महिन्याचेच भरा आणि प्रत्येक वेळी छापील पावती घ्या.

तो तयारच नसेल तर

'आखाजी झाली की सोडतो', 'पोळ्यापर्यंत थांब', 'लग्नसराई निघून जाऊ दे'. तारीख पुढे ढकलणं आजाराचाच भाग आहे, आणि खान्देशात सणाला तोटा नाही. बोलायची वेळ सकाळची. दारू उतरलेली असते, आदल्या रात्रीची लाज ताजी असते. 'कायमची सोड' म्हणण्यापेक्षा 'उद्या लिव्हरची तपासणी करून येऊ' म्हटलं की पाय लवकर निघतो.

बळजबरीने भरती करण्याचा मार्ग मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, पण तो अरुंद आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याइतकीही स्थिती नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने कायद्याने ठरलेल्या माणसाच्या) अर्जावर कलम ८९ खाली जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. त्याआधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. स्वतःहून भरती झालेला माणूस सुट्टी मागू शकतो. त्याला तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं.

अमली पदार्थ घेणाऱ्यांच्या घरी आणखी एक भीती असते, पोलिसांची. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे, अल्प प्रमाणातल्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेतलं जातं.

'पेशंटला न सांगता दारू सोडवा' असल्या पुड्या चहा-भाजीत अजिबात घालू नका. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी) असेल आणि वर दारू गेली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. आधीच अधू असलेलं हृदय बंद पडू शकतं.

घरात मारहाण होत असेल तर उपचाराची वाट बघत बसू नका, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा. आणि शेतकऱ्याच्या घरात, भरतीच्या आधी आणि घरी परतल्यावरही, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, चावी शेजारच्या घरी द्या. नशेतला किंवा नशा नुकतीच सुटलेला निराश माणूस आणि माळ्यावरची कीटकनाशकाची बाटली एका छताखाली नको.

पैसे

आरोग्य खात्याच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, पण तिथलं शुल्कही किरकोळच असतं. खरा खर्च गाडीभाड्याचा, सोबतच्या माणसाच्या जेवणाचा आणि बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांचा. त्या औषधांसाठी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी दुकानात विचारा.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढरं कार्डही चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. मात्र खाजगी व्यसनमुक्ती केंद्रातला महिनाभराचा मुक्काम तिच्यातून निघेल ही आशा धरू नका. योजना कामी येते ती दारूने ओढवलेल्या आजारात: रक्ताची उलटी, स्वादुपिंडाची सूज, लिव्हर निकामी होणं. अशा वेळी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भरतीच्याच दिवशी गाठा. सुट्टी होताना गेलात तर हाती काही लागत नाही. चौकशीचा क्रमांक १५५३८८.

खाजगी मेडिक्लेमवरही भरवसा ठेवू नका. मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं असं २०१७ च्या कायद्यात आहे खरं. पण पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत बहुधा 'एक्सक्लूजन १२' असतं: दारू, अमली पदार्थ आणि त्यांच्या परिणामांवरचा उपचार. पॉलिसीत ते कलम आहे का हे भरतीआधी वाचा. क्लेम नाकारला तर नकार लेखी मागा. नैराश्यासारखा वेगळा आजार स्वतंत्रपणे नोंदवलेला असेल तर त्या भागासाठी भांडता येतं. डॉक्टरला खोटं निदान लिहायला सांगणं मात्र अंगाशी येतं.

धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, कारण खाट रिकामी असते आणि दाखला नसतो, हे नेहमीचं आहे. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतल्या कामगाराने ईएसआय (कामगार विमा) कार्डावर काय मिळतं ते दवाखान्यात विचारावं.

आता वाटणी. धरून चाला, घरात ४० हजार उभे राहतात. सरकारी दवाखान्यात दारू उतरवण्यावर, गाडीभाडं आणि बाहेरच्या तपासण्या धरून, ६-७ हजार. निवासी केंद्र लागलंच तर अनुदानित केंद्रात खाटेसाठी नंबर लावा. थांबायला लागलं तरी चालेल, तोवर गोळ्या चालू ठेवा. किमान १५ हजार पुढच्या बारा महिन्यांच्या गोळ्या आणि फेऱ्यांसाठी बाजूला काढा, तेही आई किंवा बायकोच्या खात्यात. उरलेले बुडालेल्या मजुरीसाठी. सावकाराकडून काढून किंवा शेत गहाण टाकून महागडं पॅकेज घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. घरी परतलेल्या माणसाला कर्जाचा आकडा रोज ऐकवला जातो, आणि त्यानेच तो पुन्हा गुत्त्याकडे वळतो.

घरी परतल्यावर

पहिले तीन महिने सर्वांत कठीण. डायसल्फिराम चालू असेल तर गोळी रोज सकाळी घरच्या एकाच माणसाने, पाण्यात विरघळवून, समोर प्यायला लावावी. जिभेखाली ठेवून नंतर थुंकणारे कमी नाहीत. ही गोळी रुग्णाच्या संमतीने आणि शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनीच सुरू करतात. बंद केल्यावरही तिचा असर १४ दिवसांपर्यंत राहू शकतो, म्हणून 'आज गोळी नाही घेतली, मग चालेल' हा हिशोब फसतो. खोकल्याच्या काही औषधांत आणि होमिओपॅथीच्या थेंबांतही अल्कोहोल असतं, तेव्हा प्रत्येक डॉक्टरला गोळीविषयी सांगा. लिव्हर खराब असणाऱ्यांना डॉक्टर दुसरं औषध निवडतात. शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नका.

कापूस विकल्याचे, केळीच्या घडाचे, ऊसतोडीच्या उचलीचे पैसे एकरकमी हातात पडतात तो दिवस आधीच ओळखून ठेवा. व्यवहाराला सोबत जा, रक्कम खात्यात घ्या आणि काही महिने मोबाइलचं पेमेंट अॅप दुसऱ्याच्या फोनवर ठेवा. आखाजीच्या पत्त्यांच्या डावात, हळदीच्या रात्री, सातपुड्यात भोंगऱ्याच्या बाजारात 'थोडी घे ना भो' म्हणणारे भेटणारच. पहिल्या वर्षी तिथे जाऊच नये, किंवा जेवून लगेच निघावं. ज्यांना जमेल त्यांनी अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाची बैठक शोधावी. फी नसते, नाव-गाव कोणी विचारत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट वेगळे असतात.

पुन्हा घेतली तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. डायसल्फिराम चालू असताना घेतली असेल तर थेट दवाखान्यात न्या. एकदा घसरल्यावर दर वेळी नव्याने महिनाभर भरती करावं लागत नाही. बऱ्याचदा औषध बदलून आणि फेऱ्या वाढवून भागतं. केंद्राचा फोन आधी आला आणि 'परत आणून सोडा' म्हणाले, तरी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय पैसे भरू नका. गर्द किंवा सुईची नशा करणारा महिन्याभराने पुन्हा घसरला असेल, तर त्याला एकट्याला झोपू देऊ नका. श्वास मंद झाला, ओठ निळे पडले, हाक मारून उठत नसेल तर कुशीवर वळवा आणि १०८ बोलवा.